खारींच्या आडून

मामा, काल तुमची तेरवी झाली. मंडपवाला सकाळीच येऊन खुर्च्या, कढया घेऊन गेला. पाहुणे पांगले. तुमची नात पल्लवी नांदेडला तिच्या कॉलेजात परत गेली आणि तुमचा लेक जीप घेऊन सेनगावच्या रस्त्याला लागला. घरात बसून बसून त्याचा जीव उबगला होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला एकच सांगून गेला, "घर सुनं झालं गं सूनबाई, आता बोलाया कोण हाय तुला?" मी मान हलवली. मनात म्हटलं, अहो, सून आणि सासरा बोलतात का कुठं आपल्या गावात?

आणखी एक गोष्ट माझ्या कानावर आली. बायका म्हणाल्या, सून रडलीच नाही. मी रडले, पण हेल काढून रडले नाही. आपल्याकडं सुनेनं सासऱ्यापुढं जन्मभर तोंड उघडायचं नाही, आणि तो गेला की अख्ख्या गावासमोर "माझ्या मामा गं, कुठं गेला गं" म्हणून त्याला हाका मारायच्या. मला ते जमलं नाही. जिवंतपणी ज्याच्याशी पदराआडून बोलले, त्याला मेल्यावर माणसं जमवून हाका कशाला मारायच्या? कुणाला राग आला तर येऊ द्या. मी हे लिहितेय ते गाव आपापल्या घरी गेल्यावर.

लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे तुमच्या मालकिणीनं, मला दारातच सांगितलं होतं. मामंजीसमोर पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. यात कुणाचा रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. माझ्या आईनं तिच्या सासऱ्यापुढं तेच केलं होतं. तुम्हीही तुमच्या बाजूनं नियम पाळलात. अंगणात पाऊल टाकायच्या आधी खाकरायचात, म्हणजे मला पदर ओढायला वेळ मिळावा. मला तुमचा चेहरा कमी आणि पाय जास्त ओळखीचे. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं, बैलानं पाय दिला होता त्यावर. तुमच्या भुवईत तीळ आहे हे मला फार उशिरा कळलं.

निरोप आत्याबाई न्यायच्या. त्या गेल्यावर ते काम पल्लवीवर आलं. "आजोबा, आई म्हणती पाणी तापलं." "आईला म्हणावं, आज अंग कसकस करतंय, न्हात न्हाई." पोरगी इकडून तिकडं उड्या मारत जायची आणि दोन्हीकडून काही ना काही खायला उकळायची. मग ती बारावी झाली आणि नांदेडला गेली. तुमचा लेक दिवस उगवायच्या आत जीप काढणार, दिवे लागल्यावर येणार. घरात राहिलो तुम्ही, मी आणि शेळी. अंगणवाडीत माझं तोंड दुपारपर्यंत बंद नसायचं. लेकरांना गाणी म्हणून दाखवायची, बायकांना तेच ते दहादा समजावायचं. घरी आले की कुलूप. ताट ओसरीवर ठेवायचं आणि तांब्या जरा जोरात टेकवायचा, की तुम्ही ओळखायचं, जेवण वाढलंय. तुम्ही खाकरलात की मी ओळखायचं, चहा पाहिजे. शेळीला ऐकवून बोलायचा मी एकदोनदा प्रयत्न केला, पण ती मेली मधेच ओरडायची.

त्या वर्षी कापूस निघून गेल्यावर आपण पऱ्हाट्यांची गंजी परसातल्या भिंतीला लावली होती, सरपणाला. एका सकाळी अंगणात खारीचं शेपूट पडलेलं दिसलं. गल्लीतल्या बोक्याचं काम. तुम्ही ते काडीनं उचलून उकिरड्यावर टाकलंत. दुसऱ्या दिवशी मी चुलीसाठी पऱ्हाट्या ओढायला गेले तर गंजीतून कापसाचा एक गोळा घरंगळला. त्यात आपल्याच घरातला कापूस होता, खताच्या पोत्याचे धागे होते, माझ्या परकराची नाडीसुद्धा होती, जी मी दोन दिवस शोधत होते. आणि आत तीन पिल्लं. गुलाबी, उघडीनागडी, डोळे मिटलेले, भुईमुगाच्या लांबट शेंगेएवढी. मी ओरडले, "अगं बाई!" तुम्ही ओसरीवरून उठून आलात आणि पहिल्यांदाच न खाकरता माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात.

उभे राहिलो खरे, पण बोलणार कोण? तुम्ही गंजीकडं बघून म्हणालात, "परत ठिवावं. माय येती." मी गोळा होता तिथं ठेवला. आपण दोघं दोन टोकांना बसून राखण करत राहिलो, बोक्यापासून. माय येणार नव्हती, आदल्या दिवशी तिचं शेपूट तुम्हीच उचललं होतं. तरी वाट बघितली. ऊन चढलं, पिल्लांचं चिवचिव बारीक होत गेलं. तेव्हा तुम्ही उठून आत गेलात आणि तुमची माकडटोपी घेऊन आलात. ती टोपी थंडीत कुणी जागची हलवली तरी तुम्ही घर डोक्यावर घ्यायचात, आणि आता तिच्यात पिल्लं घालून ती छातीशी धरून बाजेवर बसलात.

काकडलेल्या, गार पडलेल्या लेकराचं काय करायचं ते मला माहीत होतं. आधी ऊब, मग दूध. बाटलीत कोमट पाणी भरलं, फडक्यात गुंडाळली, टोपल्यात ठेवली, तिच्या कडेला टोपी. शेळीचं दूध काढलं. गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. तो फोन मी मुद्दाम ओसरीवर उभं राहून केला, कारण जे काही ते सांगणार ते तुम्हालाही कळायला हवं होतं. डॉक्टर आधी हसले, मग नीट सांगायला लागले, आणि मी त्यांचा प्रत्येक शब्द गावाला ऐकू जाईल असा परत म्हणत गेले. "व्हय डॉक्टर, थोडं थोडं पाजायचं. व्हय, पाणी घालून. नाकात जाऊ द्यायचं न्हाई. काय म्हणता? मुतायला लावायचं? ओल्या कापसानं पुसून?" इथं माझा आवाज खाली आला. माय चाटते म्हणून पिल्लाला होतं, आपोआप होत नाही, हे डॉक्टर सांगत होते. पण सुनेनं सासऱ्याच्या देखत ते मोठ्यानं कसं म्हणायचं? तरी म्हटलं. तुम्ही टोपल्याकडं बघत गंभीरपणे ऐकत होतात. नंतर मी पाहिलं, तुम्ही कापूस भिजवून हे काम माझ्याहून हलक्या हातानं करत होतात.

मग जी चूक झाली ती आपल्याच घरात होऊ शकते. तुम्ही पहाटे उठून कापसाची वात दुधात बुडवून पिल्लांच्या तोंडाला लावायचात. मी उठले की कानाच्या औषधाचा धुतलेला ड्रॉपर घेऊन परत पाजायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला कुठं जमलं असेल. तुम्हाला वाटायचं, हिला स्वैपाकाच्या घाईत कुठं वेळ. मी अंगणवाडीतून यायच्या आधी तुम्ही पाजलेलं असायचं, आल्या आल्या मी पाजायचे. विचारावं म्हटलं तर विचारणार कसं? तांब्या टेकवून "दूध पाजलं का" असं विचारता येत नाही. पिल्लांची पोटं टम्म झाली. आपण दोघं आपापल्या जागी खूश, की बाळसं धरून राहिलीत. सगळ्यात बारीक होतं ते त्यातच गेलं. सकाळी टोपीत ताठ पडलं होतं, तोंडाशी दुधाचा थेंब.

तुम्ही ते कढीपत्त्याच्या बुडाशी पुरलंत. हात धुतलेत, बाजेवर येऊन बसलात, टोपलं पुढ्यात ओढलंत. मी चुलीशी भाकरी थापत होते. आणि तुम्ही टोपल्यात बघून, पण चुलीपर्यंत येईल अशा आवाजात म्हणालात, "काय गं पोरींनो, काल सांजच्याला दूध पेल्या व्हत्या का? कुणी पाजलं तुमाला?"

माझा हात थांबला. एवढं मला कळत होतं की खारी बोलत नसतात. मी परातीकडं बघून म्हटलं, "मी पाजलं म्हणावं. दोनदा."

तुम्ही टोपी पिल्लांवर नीट पांघरलीत. मग म्हणालात, "मीबी पाजलं. दोनदा."

तव्यावरची भाकरी करपली त्या दिवशी. मग तुम्हीच पुढं म्हणालात, "हे बघा पोरींनो, सकाळचं दूध आजोबा पाजील. दुपारचं तुमची माय पाजील. सांजचं ज्याला टाइम भेटंल त्यानं सांगून पाजायचं. समजलं का?"

"समजलं म्हणावं," मी म्हटलं.

कुणाची चूक, कुणाची जास्त, ते आपण तेव्हाही बोललो नाही आणि नंतरही नाही. बरं केलं. बोलून काय मेलेलं पिल्लू उठणार होतं? पण त्या दिवसापासून आपलं बोलणं सुरू झालं, मामा. राहिलेल्या दोघींची तुम्ही नावं ठेवलीत, लंबी आणि बारकी. लंबी काही फार लांब नव्हती.

आधी कामापुरतं बोलणं. दूध, बाटलीतलं पाणी, बोका. मग ते पसरत गेलं. "लंबे, तुझी माय आज अंगणवाडीत कुणावर वरडून राहिली व्हती? पारापर्यंत आवाज आला." "लेकरं खिचडी सांडून राहिली व्हती म्हणावं, आरती ओवाळायची का त्यांची?" तुम्ही हसलात. मी तुमचं हसणं पहिल्यांदा ऐकलं, खोकल्यासारखं होतं. एकदा मी शनिवारी कारल्याची भाजी केली. दर शनिवारी करायचे, कारण तुमचं ताट चाटून पुसून परत यायचं आणि मला वाटायचं मामंजीला कारलं जीव की प्राण. तुम्ही बारकीला उचलून तोंडाजवळ धरलंत. "बारके, तुला सांगतो, माणसानं कारलं काहून खावं? मी तर इतके वर्ष पाण्यासंगं गिळून राहिलो." मी आत पोट धरून हसले. आणि जरा वाईटही वाटलं, की एवढी वर्षं एक माणूस माझ्यासमोर बसून कडू गिळत होता आणि त्याला "नको" म्हणायची सोय नव्हती.

आणि ते हट्ट्याचं, माझ्या माहेरचं. माझ्या आईचं कंबरेचं हाड मोडलं होतं, माहेरून फोन आला होता, मी कुणाला काही न बोलता चूल फुंकत होते. तुमचा लेक म्हणाला होता, सोयाबीनची कामं उरकू दे, मग जा. सकाळी तुम्ही टोपल्यातल्या दोघींना विचारलंत, "तुमच्या मायची माय बरी हाय का? जाऊन यावं म्हणावं तिनं. आजच. मी भाकरी थापाया शिकलो न्हाई, पर खिचडी येती मला." मी पदर डोळ्याला लावून, भिंतीला म्हटलं, "शेळीचं दूध कोण काढील?" तुम्ही म्हणालात, "लंबी काढील." मी दुपारच्या एसटीनं गेले. परत आले तेव्हा भगोन्याच्या बुडाला खिचडी अशी लागलेली, की मी ते भगोनं दोन दिवस भिजत घातलं. पण आईजवळ बसून आले ते तुमच्यामुळं. हे तेव्हा सांगायचं होतं. लंबीला सांगून बघितलं, पण "उपकार झाले म्हणावं" असं खारीच्या तोंडून सांगताना मलाच कसंतरी झालं, म्हणून अर्ध्यात सोडलं. आता पूर्ण सांगते. फार उपकार झाले, मामा.

तुमच्या लेकानं एका संध्याकाळी आपलं हे ऐकलं. दारात उभा राहून म्हणाला, "बापू, ती इथं चार हातावर बसलीय. सरळ बोला की तिच्यासंगं. खारीला काय कळतंय?"  तुम्ही खाकरलात, मी पदर ओढला. तो जेवून झोपला आणि दुसऱ्या दिवशी जीप घेऊन गेल्यावरच तुम्ही लंबीला म्हणालात, "तुझ्या बापाला काय कळत न्हाई."

दरम्यान पोरी वाढत होत्या. डोळे उघडले. पाठीवरचे पट्टे आधी कातडीखाली सावलीसारखे दिसले, मग त्यावर लव आली. टोपी पुरेना. लंबी तुमच्या सदऱ्यात शिरून बाहीतून बाहेर यायची, बारकीनं तुमची तंबाखूची चंची कुरतडली आणि दिवसभर शिंकत बसली. तुम्ही शेंगदाणे अर्धे करून द्यायचात, मग अख्खे, मग टरफलासकट. आणि एक दिवस तुम्ही म्हणालात, "लंबे, आता परसातल्या चिंचेवर जायचं बरं का."

इथून आपलं भांडण. मी म्हटलं, "एवढ्यात न्हाई म्हणावं. बोका हाय." तुम्ही म्हणालात, "बोका जलमभर ऱ्हाणार." मी म्हटलं, "पाऊस सरू दे." तुम्ही म्हणालात, "ही खार हाय, कोंबडी न्हाई डालून ठिवायला." मी म्हटलं, "बारकीला अजून वर चढता येत न्हाई बराबर." तुम्ही तिला भिंतीला लावलीत, ती सरसर छपरावर जाऊन बसली आणि वरून आपल्या दोघांकडं बघायला लागली. तुम्ही शेंग सोलत बसलात. बोलायची गरजच नव्हती. मला मात्र तुमचा असा राग आला की सांगता सोय नाही.

खरं सांगू का? मला खारींची काळजी होती, पण अर्धीच. उरलेली अर्धी वेगळी होती. या दोघी गेल्या की टोपलं रिकामं. मग मी परत तांब्या टेकवणार, तुम्ही परत खाकरणार. इतक्या वर्षांनी घरात माणसाचा आवाज सुरू झाला होता आणि तो या दोन शेपट्यांवर टांगलेला होता. तुम्हाला कसं कळत नव्हतं हे? का कळत होतं आणि तरी म्हणत होतात? यावर मी अजून तुमच्याशी भांडतेच आहे.

एका दुपारी अंगणवाडीतून आले तर टोपलं मोकळं. तुम्ही चिंचेखाली उभे, मान वर. मी तडक मोरीवर गेले. भांडी अशी घासली की शेजारची विचारायला आली, काय झालं. संध्याकाळी पिठलं केलं आणि त्यात मुद्दाम मीठ घातलं नाही. तुम्ही जेवलात. ताट परत आलं. मी म्हटलं, संपलं सगळं.

सकाळी मी चुलीपुढं होते. तुम्ही बाजेवर बसलात, रिकामं टोपलं पुढ्यात ओढलंत, आणि आत बघत म्हणालात, "लंबे, काल पिठल्यात मीठ न्हवतं."

मी रागानं लाल झाले आणि मला रडू पण आलं. म्हटलं, "लंबीला म्हणावं, ज्यानं तुला सोडलं त्यालाच इचार मीठ कुठं गेलं."

"त्यानंच सोडलं," तुम्ही टोपल्याला म्हणालात, "पर टोपलं ठिवलंय ना घरात."

मग ते टोपलं घरात राहिलं. लंबी-बारकी कधी भिंतीवर येऊन शेंगा नेत, कधी दिसत नसत. त्यांचं आपापलं चाललं होतं. आपण रिकाम्या टोपल्याशी बोलत राहिलो. पल्लवी सुट्टीत आली आणि म्हणाली, तुम्ही दोघं वेडे झालात. झालो होतो. मला त्या वेडेपणाचं सुख होतं.

पण टोपल्यातून किती बोलता येतं, मामा? मीठ बोलता येतं, कारलं बोलता येतं, पल्लवीचं कॉलेज बोलता येतं. या थंडीत तुमचं खाकरणं वाढलं. मी दर वेळी चहा ठेवत गेले. तुम्ही पीत गेलात. मला वाटायचं, थंडी आहे, चहा जास्त लागतो. तुम्ही छातीवरून हात फिरवताना मला दोनदा दिसलात. मी टोपल्याला विचारलं, "तब्येत बरी हाय ना म्हणावं?" टोपल्यानं सांगितलं, "बरी हाय." तुरीच्या बांधावर तुम्ही मटकन बसलात त्या दिवशी शेजारच्या वावरातल्या माणसांनी उचलून रस्त्यावर आणलं आणि तुमच्या लेकानं प्रवासी खाली उतरवून जीप सरळ हिंगोलीला घातली. मी अंगणवाडीला कुलूपही न लावता मागं बसले, तुमचे पाय मांडीवर घेऊन. पायच माझ्या ओळखीचे होते.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तुम्हाला जरा बरं वाटलं. तुमचा लेक औषधं आणायला खाली गेला होता. तरुण डॉक्टर आले, तपासलं, विचारलं, "बाबा, दुखणं कधीपासून आहे?" तुम्ही भिंतीकडं बघत राहिलात. त्यांनी परत विचारलं. मग माझ्याकडं वळले, "ताई, तुम्ही विचारा, ते बोलत नाहीत." मी पदर पुढं ओढला. काय करावं कळेना. शेवटी सलाइनच्या दांड्याकडं तोंड करून म्हटलं, "कवापासून दुखून राहिलं म्हणावं?"

डॉक्टरांनी दांड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

तुम्ही मान वळवलीत. "इथं कुठं खारी हायेत? मला इचार," तुम्ही म्हणालात. मला. माझ्या तोंडाकडं बघून.

मी तुमच्याकडं बघितलं. तेव्हा तो भुवईतला तीळ दिसला. "मामा," मी म्हटलं. एवढं म्हणायला मला किती वर्षं लागली. "मामा, कवापासून दुखतंय?"

"दिवाळीपासून."

दिवाळी होऊन किती दिवस लोटले होते! माझा संताप डोक्यात गेला. पदर कुठं गेला कुणास ठाऊक. "दिवाळीपासून? आन् काहून सांगितलं न्हाई? मी घरात न्हवते का? मेले व्हते का मी? तुमी खाकरायचे आन् मी मेली चहावर चहा करून राहिले! एवढंसं कारलं सांगता आलं, छातीत दुखतंय सांगता आलं न्हाई?"

"कुणाला सांगू?" तुम्हीही आवाज चढवलात. डॉक्टर नको नको म्हणत होते. "टोपल्याला सांगू का छातीत दुखतंय म्हून? तू टोपल्याला इचारती, बरं हाय का. टोपल्याला काय सांगावं माणसानं?"

"मग मला सांगायचं!"

"तू कुठं बोलती माझ्यासंगं?"

"तुमी कुठं बोलता?"

सगळा वॉर्ड ऐकत होता. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली होती. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि निमूट पुढच्या पेशंटकडं गेले. मी रडत होते आणि भांडत होते, दोन्ही एकदम. तुम्ही श्वास गोळा करून मधेमधे उत्तर देत होतात. तो तुमचा शेवटचा दिवस होता हे मला ठाऊक असतं तर मी भांडले नसते का? भांडलेच असते. उलट आणखी थोडा वेळ भांडले असते. त्या संध्याकाळपर्यंत आपण कारण नसताना बोललो, मामा. शेळी कधी विणार, पल्लवीसाठी कसला मुलगा बघायचा, माझी आई काठीवर चालते की नाही. तुम्ही विचारायचात आणि मी सांगायचे. मधे कुणी नव्हतं. पहाटे तुम्ही गेलात.

पण भांडण चालू होतं तेव्हाचं सांगायचं राहिलं. सिस्टर इंजेक्शन द्यायला आल्या. मी डोळे पुसत बाजूला सरकले. त्यांनी तुमचा हात धरला आणि हसून विचारलं, "बाबा, ही तुमची लेक का? एवढं भांडतीय म्हणून विचारलं."

"लेक न्हाई. सून हाय," तुम्ही म्हणालात. सुई टोचली तरी तुमचं तोंड माझ्याकडंच होतं. "उशिरा बोलाया लागली. आमच्या घरात लेकरं उशिरानंच बोलाया लागतेत."

मग तुम्ही माझ्याकडं पाणी मागितलंत.